ओरडणारा हिटलर आणि चहा पाजणारे भाऊ

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधे एक व्हिडिओ फिरत होता, तुम्ही पण त्याचा कुठलातरी भाऊबंद पाहिलाच असेल. हिटलर टेबलावरच्या नकाशाजवळ हात झटकून झटकून ओरडतोय, जनरल लोक पडलेल्या तोंडानं उभे, आणि खाली कोण्यातरी पोट्ट्यानं लिहिलंय, "कृषिपंपाची लाईन रात्रीच काहून देता बे? बांधीत वाघ बसला राहते, पाणी द्यायले तुमचा बाप येते का?" ब्रह्मपुरीकडच्या माणसाला असं लिहायला फार डोकं लावावं लागत नाही, इकडं वाघ खरंच बसलेला असतो. सगळे हसले, मी पण हसलो, पुढं दोन ग्रुपवर ढकलला.

हा सीन ‘डाउनफॉल’ नावाच्या जर्मन सिनेमातला, 2004 चा, आणि त्यात हिटलर झालाय ब्रुनो गान्झ. पूर्ण सिनेमा मी नंतर पाहिला. एप्रिल 1945, बर्लिनच्या जमिनीखालचा बंकर, रशियन फौजा शहरात घुसत आलेल्या. हिटलर नकाशावर बोट ठेवून सांगतो की आपला जनरल स्टायनर इकडून हल्ला करेल आणि सगळं नीट होईल, आणि मग एक जनरल कसंबसं तोंड उघडून सांगतो की स्टायनरकडं तेवढं सैन्यच जमलं नाही, हल्ला झालाच नाही. मग हिटलर चार लोकांना थांबवून बाकीच्यांना बाहेर काढतो आणि जो काही ओरडतो तो आपला व्हायरल व्हिडिओ. म्हणजे जगभर हुकूमशहाचा जो चेहरा लोकांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसलाय ना, तो त्याच्या हातातली सत्ता संपल्यानंतरचा आहे. आदेश देऊन काहीच हलत नाही म्हणून तो माणूस ओरडतोय. त्याच्या तोंडी रात्रीच्या लाईनीची तक्रार इतकी चपखल बसते ती ह्याच्यामुळंच, कारण ऑफिसात जाऊन आपण पण असेच ओरडतो आणि काहीच हलत नाही.

मला त्या सिनेमातला सुरुवातीचा सीन जास्त खतरनाक वाटतो, त्याचं कोणी मीम बनवत नाही. 1942 साल आहे, सेक्रेटरीच्या नोकरीसाठी काही पोरी आल्यात, त्यातल्या ट्राउडल युंगेला तो आत बोलावतो, मजकूर सांगतो, घाबरून तिच्या टायपिंगच्या चुका होतात, आणि तो मागं येऊन पाहतो आणि एकदम शांतपणे म्हणतो, चला परत एकदा करू. बस. नोकरी लागते. बाहेर येऊन पोरगी आनंदानं वेडी होते. हिटलरला एवढा माणसासारखा दाखवला म्हणून तेव्हा जर्मनीत बरीच ओरड झाली होती, आणि ती ओरड मला समजते, पण त्या पोरीच्या जागी मी असतो तर मी पण खुश होऊन बाहेर आलो असतो ना, साहेबांनी रागावलं नाही म्हणून. सत्ता जोरात असते तेव्हा तिचा आवाज असा असतो.

चॅप्लिनचं वेगळं. हिटलरची टर उडवणारा त्याचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ 1940 चा, अमेरिका अजून युद्धात उतरली पण नव्हती. चॅप्लिन आणि हिटलर एकाच एप्रिलमधले, 1889 चे, चार दिवसांचा फरक, आणि मिशी पण तशीच, म्हणजे हा रोल जणू त्याच्यासाठीच वाढून ठेवलेला. पृथ्वीचा फुगा घेऊन नाचणं सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला न्हाव्याच्या खुर्च्यांचा सीन आवडतो, दोन हुकूमशहा शेजारी शेजारी बसून आपापली खुर्ची वर वर नेत राहतात, दुसऱ्यापेक्षा बोटभर तरी उंच पाहिजे. आमच्याकडं कुठल्या पण उद्घाटनाच्या स्टेजवर जाऊन पहा, सोफ्यावर कोण आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर कोण ह्याच्यावरून आयोजकांची रात्रीची झोप गेलेली असते. पण नंतर 1964 मध्ये चॅप्लिननं आत्मचरित्रात लिहून ठेवलं की छळछावण्यांत नेमकं काय चाललंय हे तेव्हा ठाऊक असतं तर मला असा सिनेमा करता आला नसता. एवढा मोठा विनोदी माणूस हे लिहितो तेव्हा थोडं थांबून वाचावं लागते.

आता आमच्या भाऊंचं सांगतो. नाव नाही सांगत, सांगायची गरज पण नाही, विदर्भातल्या कुठल्या पण पंचक्रोशीत एक भाऊ असतातच. आमच्या भाऊंकडं सध्या कुठलंच पद नाही. सरपंच एक बाई आहेत, सही त्या करतात, बोलतात त्यांचे मिस्टर, आणि मिस्टर बोलायच्या आधी भाऊंकडं पाहतात. आजोबा वारले त्यानंतर आमच्या सातबाऱ्याचा फेरफार एका ऑफिसात अडकून पडला होता. कागद पूर्ण, फी भरलेली, तरी काही ना काही निघायचं, आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही. शेवटी जो तो बाबांना एकच सांगायला लागला, भाऊले भेटून घ्या.

तर आम्ही भाऊंच्या सपरीत, म्हणजे पडवीत, जाऊन बसलो. तिथं आधीच माणसं बसलेली. कोणाच्या पोरीच्या ॲडमिशनचं, कोणाच्या धानाच्या चुकाऱ्याचं, एक म्हातारी निराधारच्या पगारासाठी. कोणीच कोणाशी मोठ्यानं बोलत नाही. भाऊ बाहेर येतात, पांढरा पायजमा, कपाळाला बुक्का, दारूच्या थेंबाला कधी शिवलेले नाहीत, हरिपाठ तोंडपाठ. "बस नं बापू, उभा काहून आहेस? चहा आन रे. पोरगा का करते आता?" माझी चौकशी, आईच्या गुडघ्याची चौकशी, आजोबांची आठवण, त्यांच्या बैलजोडीची आठवण. फेरफाराचा विषय बाबांनी काढला तर म्हणाले, "होते नं, त्याच्यात का आहे." आणि झालं नाही. परत गेलो, परत चहा. आणि मग एक दिवस झालं, सरळ तलाठ्याचाच फोन आला. भाऊंनी एक रुपया घेतला नाही. आता निवडणूक आली की दारात गाडी थांबते आणि बाबा चपला घालून गाडीत बसतात, कुठं जायचंय ते पण विचारत नाहीत. मी एकदा म्हटलं की तुम्हाला तो उमेदवार पटत नाही ना, तर म्हणाले, "पटाचा का संबंध आहे?"

हा माणूस सिनेमात कसा दाखवायचा, सांगा.

जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये तो जवळजवळ सापडतो. तेंडुलकरांची पटकथा, निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, समोर डॉ. लागूंचे दारुडे मास्तर, एकेकाळचे स्वातंत्र्यसैनिक. 1975 साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यातला कारखाना उसाचा, पश्चिम महाराष्ट्रातला, आमच्याकडं ऊस नावालाच, इकडं राईस मिल आणि सोसायटी आणि तेंदूपत्त्याचे ठेके, पण सपरी तीच. हिंदुराव मास्तरांना वाड्यावर ठेवून घेतो, दारू पाजतो, आपला कारभार हौसेनं दाखवतो, आणि मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न घेऊन बसतात, मारुती कांबळेचं काय झालं? अख्ख्या सिनेमात हा प्रश्न हिंदुरावला बंदुकीपेक्षा जास्त टोचतो. निळू फुल्यांबद्दल गावोगावच्या बाया खरंच वाईट बोलायच्या, आमची आजी टीव्हीवर ते दिसले की मेला आला म्हणायची. आणि हा माणूस खऱ्या आयुष्यात राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. पण आजीला राग यायचा तो पोरीबाळींवर वाकडी नजर टाकणाऱ्या पाटलाचा, हिंदुरावासारख्या पाहुणचार करणाऱ्या पाटलाचा नाही. तो तिनं पाहिला असता तर म्हणाली असती, चांगला माणूस दिसते की.

हे नीट दिसायचं असेल तर आमच्या झाडीपट्टीत या. दिवाळीनंतर इकडं नाटकांचा सीझन लागतो, वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं कंपन्यांची ऑफिसं, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातली गावं तिथून नाटकं बुक करतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, लेकी-जावई मुक्कामाला, दोनचार सोयरिकी पण त्याच्यातच जुळून जातात. 2023 मध्ये इथले नाटकवाले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना कळलं की असं काही इकडं असते. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, लोक घोंगडी-ब्लँकेट घेऊन बसतात, आणि व्हिलन हा फार महत्त्वाचा माणूस. हीरो जरा थंड असला तर चालून जाते, व्हिलन नाही. तो पाटील असतो नाहीतर सावकार नाहीतर आमदार, एन्ट्रीला ऑर्गन आणि ऑक्टोपॅड, हातात बाटली, डोळे लाल, आणि ते हसणं, बापा, पार नाल्यापलीकडं ऐकू जाते. गरिबाचं वावर हडपणार, पोरीचा हात धरणार, आणि पहाटे चारच्या सुमाराला कुऱ्हाडीनं मरणार.

आणि नाटकाचं पॉम्प्लेट पाहिलं आहे का कधी? कलाकारांची नावं खाली बारीक अक्षरात, वर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, दीपप्रज्वलन, ही भली मोठी यादी. ते सगळे पहिल्या रांगेत सोफ्यावर. भाषणं होता होता अकरा वाजतात. बहुतेक पाहुणे नारळ फोडून दुसऱ्या गावच्या उद्घाटनाला पळतात, पण एका वर्षी आमचे भाऊ थांबले. नाटकात व्हिलन होता आमदार, शेतकऱ्याचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेणारा. सातबारा! मी मागं जमिनीवर बसलेलो, बाबा माझ्या बाजूला, आणि माझं अर्धं लक्ष स्टेजवर अर्धं सोफ्यावर. आमदारानं म्हाताऱ्या शेतकऱ्याला लाथ मारली आणि तो जो हसला, तेवढ्यात नाटक थांबवून माईकवरून अनाउन्समेंट झाली, आमच्याकडं नाटक मधेच थांबवून बक्षिसं देतात त्याचं कोणाला काही वाटत नाही, की व्हिलनच्या जबरदस्त अभिनयाला माननीय भाऊंकडून पाचशे एक रुपये. टाळ्या. आमदार स्टेजवरून उतरून भाऊंच्या पाया पडला, परत वर गेला, आणि म्हाताऱ्याला राहिलेली लाथ मारली.

मी खूप दिवस ह्याच्यावर विचार करत होतो. भाऊ ढोंग करत नव्हते, मनापासून खुश होते. बाबा पण खुश होते. कारण स्टेजवरचा राक्षस आणि भाऊ ह्यांच्यात काहीच सारखं नव्हतं, ना बाटली ना हसणं ना लाथ. व्हिलन जेवढा मोठ्यानं हसेल तेवढे पहिल्या रांगेतले लोक निवांत. आपण पण निवांत, कारण आपला माणूस असा नाही, आपला माणूस तर चहा पाजते.

ज्या कलाकृतींचा सत्तेला खरंच त्रास झाला त्यांच्यात बाटलीवाला राक्षस जवळजवळ नसतोच. ‘घाशीराम कोतवाल’ मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणून वाचलं होतं, पुस्तकावरून त्याची अर्धीच मजा येते तरी अंगावर आलं. 1972 चं नाटक, तेंडुलकर-जब्बार पटेल, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे. त्यात स्टेजवर ब्राह्मणांची एक रांग उभी असते, ती गाते, नाचते, पाठ फिरवली की भिंत होते, परत तोंड इकडं केलं की गर्दी. भिंतीच्या पलीकडं नाना काय करतात ते आपल्याला दिसू नये म्हणून माणसंच उभी, आणि ती देवाचं नाव घेत डोलून राहिली. घाशीराम पोटची पोरगी देऊन कोतवाली घेतो, पुण्याला छळतो, आणि त्याचं काम संपलं की नाना त्याला गर्दीच्या हवाली करून मोकळे. स्वतः एक दगड पण मारत नाहीत. खरा घाशीराम 1791 मध्ये असाच लोकांच्या हातून मेला. आपण वाचताना घाशीरामाला हुकूमशहा समजतो आणि तो निघतो नुसता नोकर. मला तर वाटते त्या नाटकाचा हीरो, व्हिलन जे काय म्हणायचं ते, ती रांगच आहे. ह्या नाटकावर इतका गदारोळ झाला की ज्या संस्थेनं आणलं तिनंच प्रयोग थांबवले आणि कलाकारांनी थिएटर ॲकॅडमी काढून ते परत उभं केलं. राक्षस दाखवला असता तर एवढं झालं नसतं.

‘किस्सा कुर्सी का’ ह्या राजकारणाची टर उडवणाऱ्या सिनेमाचं तर नामोनिशाण पुसायला निघाले होते. आणीबाणीत त्याच्या प्रिंट आणि निगेटिव्ह उचलून नष्ट केल्या, 1978 मध्ये सिनेमा परत नव्यानं बनवावा लागला. त्यात शबाना आझमीचं पात्र आहे जनता नावाची मुकी बाई. सिनेमा म्हणून तो थोडा भडकच आहे, खोटं कशाला बोलू.

आणि ‘द डेथ ऑफ स्टॅलिन’, 2017 चा, रशियात रिलीजला दोन दिवस राहिले असताना त्याचं लायसन्स काढून घेतलं. स्टॅलिन मरून तेव्हा साठच्या वर वर्षं झाली होती, तरी. खरी घटना अशी की 1953 च्या 1 मार्चला स्टॅलिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही, आणि गार्ड लोकांची आत जाऊन पाहायची हिंमत झाली नाही, रात्री उशिरा कोणीतरी आत गेलं तर हे जमिनीवर पडलेले, कपडे ओले. सिनेमात त्याच्या बाजूला मंत्री उभे राहून चर्चा करतात की डॉक्टर बोलवायचा का, पण निर्णयाला कोरम पाहिजे, आणि चांगले डॉक्टर तर साहेबांनी स्वतःच आत टाकलेले. मी हसून हसून खाली पडलो. ह्या सीनमध्ये हुकूमशहा नुसता पडलेला आहे, एक शब्द बोलत नाही, तरी खोलीतले सगळे त्यालाच भिऊन आहेत.

सोल्झेनित्सिन ह्या रशियन लेखकानं सोव्हिएत छळछावण्यांवरच्या ‘गुलाग आर्किपेलागो’ पुस्तकात एक किस्सा दिलाय तो पण ह्याच खोलीतला म्हणायला हरकत नाही. मॉस्को भागातली एक पार्टी मीटिंग, स्टॅलिनच्या नावानं टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबायचं कोणी? पहिला कोण थांबतो ते पाहायला माणसं उभी होती. स्टॅलिन तिथं हजर पण नाही. अकरा मिनिटं झाली, हात सुजायची वेळ, मग एका कागद कारखान्याचा डायरेक्टर खाली बसला आणि सगळे सुटल्यासारखे बसले. त्याच रात्री त्याला अटक, दहा वर्षं. चौकशी करणाऱ्यानं त्याला जाता जाता सांगितलं की पहिल्यांदा टाळ्या थांबवणारा कधी होऊ नका.

सत्यजित राय यांचा ‘हीरक राजार देशे’ 1980 चा, आणीबाणी संपून थोडीच वर्षं झालेली. लहान पोरांचा सिनेमा, शाळेचे मास्तर सोडले तर जवळजवळ सगळी पात्रं यमक जुळवून बोलतात. उत्पल दत्तचा राजा, दरबारी हिऱ्याचे हार घालून प्रत्येक वाक्याला ठीक ठीक म्हणतात, आणि डोकं धुवायचं एक मशीन आहे, त्यात शेतकऱ्याला घातलं की तो बाहेर येऊन बडबडतो की शेतसारा थकवणं वाईट, पोट भरो न भरो सारा दिलाच पाहिजे. विदर्भातल्या माणसाला ह्याच्यात कल्पना कमी आणि बँकेची नोटीस जास्त दिसते. शेवटी राजालाच त्या मशीनमध्ये घालतात आणि तो धावत येऊन स्वतःच्या पुतळ्याचा दोर ओढायला लागतो, प्रजेच्या बरोबरीनं, भलत्या उत्साहात. लोक ह्याला गोड शेवट म्हणतात. मला भाऊ आठवले. मशीन लागलंच नव्हतं त्यांना.

ह्या सगळ्यात मला मुळापासून हलवलं ते ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’नं, 2012 ची डॉक्युमेंटरी. इंडोनेशियात 1965-66 मध्ये कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली, आणि मारणारे पुढं कधीच हरले नाहीत, म्हातारे होऊन मानानं फिरत होते. त्यातला अन्वर काँगो तरुणपणी टॉकीजबाहेर तिकिटं ब्लॅक करायचा, अमेरिकन गुंडांच्या सिनेमांचा शौकीन. दिग्दर्शकानं ह्या लोकांना सांगितलं की तुम्ही काय केलं ते तुमच्याच पद्धतीनं सिनेमा करून दाखवा. आणि त्यांनी दाखवलं, मेकअप करून, टोप्या घालून, हौसेनं. एका सीनमध्ये मागं धबधबा, पोरी नाचून राहिल्या, आणि मेलेला माणूस गळ्यातली तार काढून अन्वरला मेडल देतो, मला स्वर्गात पाठवलं म्हणून आभार मानतो. हा सीन अन्वरला खूप आवडला. पुढं एका सीनमध्ये तो स्वतः मरणाऱ्याच्या खुर्चीवर बसतो तेव्हा मात्र त्याला पुढं करवत नाही. आणि सिनेमा संपल्यावर पाट्या येतात तर तिथल्या कितीतरी लोकांच्या नावाच्या जागी फक्त अनामिक लिहिलेलं.

आमच्या भागात नाटकं लिहिणारा माझा एक मित्र आहे, सीझनच्या आधी त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्याला मी म्हटलं की एक नाटक असं लिही ना, व्हिलन कधीच ओरडत नाही, बाटली नाही, पोरीकडं पाहत पण नाही. तीन अंक लोक त्याच्या सपरीत बसून चहा पितात. शेवटी फेरफार होऊन जाते.

"मंग मारते कोन त्याले?"

म्हटलं कोणीच नाही, पुढच्या वर्षी तोच उद्घाटनाला येते.

तो हसला, मग थोडा वेळ पेन खेळवत बसला, म्हणाला, "तू म्हंतेस ते समजते मले. पन पब्लिक पहाटे चारपर्यंत कायच्यासाठी बसन? अन् बुकिंग कोन देईन? गावची मंडळं नाटक ठरवाच्या आधी वर्गणी कोनाकडून आनतेत, तुले ठाऊक नाई का?" ठाऊक होतं. मग आम्ही चहा प्यालो आणि धानाच्या भावावर बोलत बसलो.

ह्या सीझनसाठी त्यानं कंपनीला नवीन नाटक लिहून दिलं. व्हिलन ह्या वेळी खासदार आहे, आमदारवाला आता जुना झाला म्हणे.